एक जूनची मुलं

सरकारनं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं, तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत होते आणि आताही सांगते. माझे वडील सांगलीच्या कोर्टात कारकून होते. मुलीला लवकर सातवीच्या फायनलला बसता यावं आणि लवकर नोकरी लागावी, म्हणून शाळेत नाव घालताना त्यांनी माझं वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं. मास्तरांनी तारीख विचारली. वडिलांना आठवेना. मास्तरांनी एक जून लिहून टाकली. शाळा जूनमध्ये उघडते, वय मोजायला सोपं जातं. त्या एका ओळीनं मला दोन वर्षं आधी नोकरी मिळाली आणि दोन वर्षं आधी गेलीही. "म्हणजे फिटंफाट झाली," असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो वकील आहे. मला त्याचं म्हणणं पटलं नाही.

निरोपाच्या कार्यक्रमात शाल, नारळ आणि भाषणं झाली. प्रत्येक जण उठून सांगत होता की बाईंनी आता विश्रांती घ्यावी, नामस्मरण करावं. मी अध्यक्षांच्या शेजारी बसून मनातल्या मनात त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. भावाचं पत्र आलं होतं, सांगलीला माडीवरची खोली रिकामी केली आहे, निघून ये. मी कार्डावर दोन शब्द लिहिले, "येत नाही," आणि कोरेगावजवळच्या ज्या खेड्यात चौदा वर्षं शिकवलं तिथंच, शाळेच्या मागच्या आळीतल्या दोन खोल्यांत राहिले.

बाहत्तरच्या दुष्काळाला चार वर्षं झाली होती. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली होती. मी रिटायर झाल्याची बातमी गावातल्या बायकांना नेमकी उलटी समजली असावी. बाई आता मोकळ्या झाल्या, म्हणजे आता त्या आपल्या, असा त्यांनी अर्थ काढला. कुणाला सरकारी दवाखान्यात सोबत हवी, कुणाला मिलिटरीतल्या नवऱ्याच्या कागदावर काय छापलंय ते कळायला हवं, कुणाच्या रेशनकार्डावर सासूचं नाव राहिलंय. मी पिशवीत टाक, दौत, चष्मा आणि दशम्या घालून निघत असे. कामाचं कुणी कौतुक केलं की मला राग येई. मी काय उपकार करत होते? माझी दोन वर्षं शिल्लक होती, ती मी भरून देत होते.

ऑक्टोबरात एक दिवस माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे सातवीपर्यंत शिकली, मग रोज कोरेगावच्या हायस्कुलात चालत जाऊन दहावी झाली. मुलगी अबोल, पण काम हातात घेतलं की सोडायची नाही. तिनं सांगलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. तो परत आला होता. जानेवारीच्या पहिल्या तारखेला सतरा वर्षं पूर्ण हवीत, आणि तिच्या दाखल्यावरच्या तारखेप्रमाणं चार महिने कमी पडत होते, असं मी घाईघाईत बोटांवर मोजलं. तिनं हळूच दुरुस्त केलं, "पाच म्हैनं बाई. आनि दाखल्यावर एक जून हाय."

मी दाखला हातात घेतला. हायस्कूलचा दाखला, पण तारीख आमच्या शाळेतून गेलेली. म्हणजे माझ्या हातची.

इथं माझ्या रजिस्टराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण मला त्याचा भारी गर्व होता. शाळेत मुलाचं नाव, जात, जन्मतारीख ज्यात लिहितात ते जनरल रजिस्टर. माझ्या चौदा वर्षांच्या पानांवर एक खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेले साहेब ते उघडून दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना दाखवत, नोंदी अशा ठेवाव्यात म्हणून. अक्षर मोत्यासारखं, ओळ सरळ, आणि निम्म्याहून जास्त मुलांची जन्मतारीख एक जून. त्याकडे कुठल्याच साहेबाचं लक्ष कधी गेलं नाही. माझंही गेलं नाही.

"यंदा नाही तर पुढच्या वर्षी कर अर्ज," मी म्हटलं.

"फुडच्या वर्साला मी इथं नसनार, बाई."

तिचा बाप फौजेतून पेन्शनीत आलेला हवालदार. त्यानं शब्द दिला होता की सांगलीला नंबर लागला तर शिकू दे, नाही लागला तर माघात लग्न. इस्लामपूरकडचं स्थळ तयार होतं. बागायत, कारखान्याला जाणारा ऊस, मुलगाही बरा. वाईट काही नव्हतं त्या स्थळात. फक्त तिला ते नको होतं, आणि हे तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं.

मी तडक शाळेत गेले. माझ्या जागी आलेले हेडमास्तर तरुण आणि अतिशय नम्र होते. ते म्हणाले, मुलीनं शाळा सोडल्यावर तारीख बदलता येत नाही, आणि बदलायची तर गावच्या जन्माच्या वहीतला उतारा लागेल, आणि साताऱ्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांची परवानगी लागेल. मी ग्रामपंचायतीत जाऊन ती वही काढायला लावली. दोन वर्षांची पानं बोट ठेवून वाचली. तिची नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन वाचली, पानं चिकटली असतील म्हणून वाफेवर धरण्याची तयारी केली. कुठंच नव्हती.

हात हलवत हवालदाराच्या घरी गेले. तो ओसरीवर पितळी बटणं पुसत बसला होता. पेन्शनीत येऊन सहा वर्षं झाली तरी बटणं पुसायचा.

"कोशिश केली ना बाई, बस झालं," तो म्हणाला. "आता माघातला मुहूर्त धरायचा."

"मुलगी सतराची झालेली आहे. मला दिसतंय."

"आनि कागदावर?"

"कागद चुकलाय."

"कागद तुमीच लिवलाय की."

मला हे लागलं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेच लिहिलं. त्यानं बटण खाली ठेवलं. "मी म्हनलं, सहाची धरा. मी रजेवर आलो हुतो दोन म्हैन्याच्या. पोरगी कवा झाली ते मला कुठनं ठावं? माझंबी भरतीला दोन साल कमी लावल्यालं. तुमी तारीख इचारली, मी म्हनलं धरा. तुमी धरली."

तेवढ्यात आतून चुलीपासून मुलीची आई बोलली. चौदा वर्षांत या बाईचा आवाज मी क्वचित ऐकला होता.

"दिवाळीच्या पाडव्याची हाय ती," ती म्हणाली. "दिस उगवायच्या वक्ताला."

मी आत वळून पाहिलं. "मग वहीत नाही ते?"

"हितल्या वहीत कशी असंल? पयलं बाळतपन माह्यारात असतंय न्हवं. आटपाडीकडं झाली ती."

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाई म्हणून माहीत होतं, मास्तरीण म्हणून माहीत नव्हतं. मी विचारलं, "अगं, मग तेव्हा का नाही बोललीस? नाव घालायला आलीच होतीस ना तू?"

"मी दारात हुते की," ती म्हणाली. "मला कुनी इचारलं न्हाई."

ती तक्रार करत नव्हती. पाऊस पडला की नाही ते सांगावं तशी म्हणाली. पण मला ते सगळं आठवलं. जूनचा पहिला आठवडा, आत खुर्चीवर मी, समोर सतरंजीवर टोप्या घातलेले बाप आणि आजे, आणि बाहेर व्हरांड्यात पदर पुढं ओढून उभ्या असलेल्या आया. त्या येत, कारण मूल रडायचं. मूल आत बसलं की त्या परत जात. आत मी विचारायची, "जन्म कधीचा?" बाप एकमेकांकडं बघत, हसत, म्हणत, "धरा की पाच-सहाची." आणि मी धरायची. ज्यांनी कळा सोसल्या त्या दहा पावलांवर उभ्या होत्या. मी स्वतः बाई असून एकीलाही आत बोलावलं नाही. मला लाज वाटली. घरी जाऊन मी जेवले नाही, आणि मी सहसा जेवण चुकवणारी नाही.

दिवाळीनंतर दोनच दिवसांनी मी, ती आई आणि मुलगी एसटीत बसलो. हवालदारानं जाऊ नका असं म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. दहिवडीला गाडी बदलली. म्हसवड सोडल्यावर हिरवं काही उरलं नाही, नुसती बाभळ आणि मेंढरं. अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर होती. मुलगी खिडकीशी बसून गावांच्या पाट्या वाचत होती. आई माहेर जवळ येईल तशी मोठ्यानं बोलायला लागली. एवढं बोलणारी बाई या चौदा वर्षांत कुठं होती, मला कळेना.

आटपाडीच्या अलीकडं तिचं गाव. तिथली सुईण अजून जिवंत होती. एका डोळ्यात फूल पडलेलं, पाठीला बाक, पण जीभ तल्लख. तिनं मुलीची हनुवटी धरून वर केली.

"हीच व्हय ती पाडव्याची? त्या दिशी धनगरं मेंढरं पळवत हुती. ढोल असं वाजत हुतं, हिची आई वरडली ती कुनालाबी ऐकू गेली न्हाई. मी एकटीनं ऐकलं. पायाळू हुती गं बाय तू. मी वळवून घेतली."

"साल कुठलं?" मी विचारलं.

"साल तुमी लिवा. मी दिस सांगते."

ग्रामसेवकानं पोत्यात बांधलेल्या वह्या काढल्या. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, मधली पानं शाबूत होती. तिथं, पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी नोंदवलेली, माझ्या एक जूनच्या सात महिने आधीची, ती ओळ सापडली. बाळाचं नाव नव्हतं, फक्त 'मुलगी'. वर्दी देणारा आजा. आणि बापाच्या रकान्यात तेव्हाच्या पाटलानं लिहिलं होतं, 'जावई, मिल्ट्रीत'.

मी हसायला लागले. मुलगीही हसली. मग दोघींच्याही लक्षात आलं की साताऱ्याचे साहेब हसणार नाहीत.

"तुमच्या गावात जावई किती, आणि मिलिटरीतले किती?" मी ग्रामसेवकाला म्हटलं. तो म्हणाला, "लय हायत, बाई." सुईण उठून लुगडं झटकत उभी राहिली. "मला न्या. ह्या मेल्या वहीपरीस मला जास्ती ठावं हाय."

साताऱ्याच्या कचेरीत आम्ही चौघी एका बाकावर बसलो. दुपार झाली. मोठ्या कारकुनानं कागद चाळून परत केले. हे कुणाचं बाळ ते यावरून सिद्ध होत नाही, आणि झालं तरी शाळा सोडल्यावर बदल नाही. मी म्हटलं, साहेबांना भेटणार. तो म्हणाला, साहेब कामात आहेत. मी म्हटलं, मी रिकामी आहे, बसते. पिशवीतून दशम्या काढल्या आणि आम्ही चौघींनी तिथंच फडकं पसरून खायला सुरुवात केली. लसणाच्या चटणीचा वास कचेरीभर गेला. पंधरा मिनिटांत साहेबांनी आत बोलावलं.

साहेब तिरसट नव्हते. नियमाचे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं. बापानं चुकीचं सांगितलं असेल तर शाळेचा दोष नाही, तारीख बदलत नाही. मात्र लिहिणाऱ्याची चूक झाली असेल आणि ती त्यानं लेखी कबूल केली, सोबत पुरावा असेल, तर विचार करता येतो. "पण बाई, तुमचं रजिस्टर मी स्वतः पाहिलंय. तुमच्या हातून चूक होत नाही. बापानंच चुकीचं सांगितलं, असं आपण म्हणू. फार तर सहानुभूतीचं एक पत्र देतो."

त्यांनी मला वाट करून दिली होती. त्या वाटेनं माझं नाव चोख राहत होतं आणि मुलगी माघात इस्लामपूरला जात होती.

"बापाला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "ज्याला माहीत नाही त्याला विचारलं, ही माझी चूक."

"असं लिहून दिलंत तर परिणाम कळतो का? कुणीही उठेल आणि तुमच्या प्रत्येक नोंदीवर बोट ठेवेल. चौकशी लागू शकते. पेन्शन नुकतीच सुरू झालीय तुमची."

"ठेवू देत बोट. मी आधी ठेवते."

आता सांगताना हे फार शूर वाटतं. तेव्हा भीती एवढीच होती की आणखी बोलत बसले तर विचार बदलेन. कागद मागितला, स्वतःचा टाक काढला. लिहिलं ते अजून पाठ आहे. 'ही जन्मतारीख मी खात्री न करता लिहिली. खात्रीनं सांगणारी व्यक्ती, मुलीची आई, त्या वेळी दारात हजर होती. तिला मी विचारलं नाही. चूक माझी आहे.' खाली सही केली, अक्षर नेहमीसारखं काढून.

मग सुईणीचा जबाब. तो साहेबांनी मलाच लिहायला सांगितला. ढोल, मेंढरं, पायाळू बाळ, सगळं लिहून झालं. "वय?" साहेबांनी विचारलं.

"माजं?" सुईण म्हणाली. "मला जिनं आनली ती कवाच मेली. आता कोन सांगनार?"

"धरा सत्तर-पंचाहत्तर," कारकून म्हणाला.

माझा टाक कागदावर टेकला होता. आयुष्यभर मी याच जागी काहीतरी धरत आले होते. मी लिहिलं, 'माहीत नाही.' कारकून म्हणाला, असं चालत नाही. साहेबांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चालेल." सुईणीनं अंगठा उठवला आणि शाई लुगड्याला पुसली.

हुकूम नोव्हेंबर संपायला चार दिवस असताना आला. हेडमास्तरांनी रजिस्टर काढलं, लाल शाईनं माझी एक जून खोडली, वर खरी तारीख घातली आणि बाजूला हुकमाचा नंबर लिहिला. "तुमच्या रजिस्टराला डाग लागला, बाई," ते म्हणाले. मी ते पान जवळ ओढून वाचलं. चौदा वर्षांच्या त्या पानांत मला आज अभिमान वाटतो तो त्या एकाच ओळीचा. बाकीच्या ओळी नुसत्या सुंदर आहेत.

जानेवारीत मुलगी सांगलीला निघाली. हवालदार स्टँडवर येणार नाही असं म्हणाला होता. तो आला, खांद्यावर त्याची काळी लोखंडी ट्रंक घेऊन, जिच्यावर पांढऱ्या रंगानं त्याचा फौजेतला नंबर होता. नंबरावर त्यानं रंग मारला नव्हता. ट्रंक टपावर चढवून तो मला म्हणाला, "बाई, तुमी लय हट्टी." मी म्हटलं, "तुम्हालाच कागदाचा हुकूम लागत होता, तो आणून दिला." त्यानं सवयीनं टाचा जुळवल्या आणि मग लाजून पानाच्या टपरीकडं गेला.

चौकशी लागली का, असं लोक विचारतात. लागली नाही. त्यापेक्षा वाईट झालं. गावात माझ्याविषयी कुजबुज सुरू झाली की बाईंनीच चुकीच्या तारखा लिहिल्यात, बाईंनीच कबूल केलंय. ज्यांचे मुलगे फौजेच्या भरतीला जायचे होते ते माझ्याशी बोलेनासे झाले, मी खरी वयं उकरून काढीन म्हणून. भावानं सांगलीहून लिहिलं, सही करण्याआधी मला विचारायचं होतंस. मी परत कार्ड टाकलं, "विचारायला हवं होतं, पण तुला नाही."

पुढच्या जूनमध्ये शाळेत नावं घालण्याच्या दिवशी मी सकाळीच जाऊन व्हरांड्यात बसले. आयांमध्ये, बाहेर. हेडमास्तर धावत आले. "बाई, आत बसा ना. पण… तुम्ही रिटायर झालात."

"सरकारच्या कागदावर," मी म्हटलं. "माझं अजून एक वर्ष बाकी आहे."

ते आत गेले. पहिला बाप सतरंजीवर बसला. तारीख विचारली गेली. तो हसला, शेजाऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "धरा की सहाची." माझ्या शेजारी त्याची बायको उभी होती, कडेवर दुसरं मूल, पदर डोळ्यांपर्यंत. मी तिचा हात धरला आणि तिला उंबरठ्यापर्यंत नेलं. ती थांबली. तिच्या सासऱ्यानं मान वर केली. मी हात सोडला नाही.

"सांग," मी म्हटलं.

तिनं घसा खाकरला. "नागपंचमीचा दुसरा दिस," ती म्हणाली, आधी हळू, मग अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्यानं. "तिनी सांजंला. दिवा लावत हुते मी."

हेडमास्तर माझ्याकडं बघत राहिले, टाक हवेत.

मी म्हटलं, "लिहा."